देव पाण्यात

पातेलं पितळेचं होतं, आतून कल्हई केलेलं. पुरणाच्या दिवशी किंवा घरात पंगत असली की ते माळ्यावरून खाली यायचं. १९८१च्या पावसाळ्यात आजीनं ते सणासुदीवाचून खाली काढलं, आडाच्या पाण्यानं भरलं, देवघरात ठेवलं आणि देव्हाऱ्यातले देव एकेक करून त्यात सोडले. आधी बाळकृष्ण, मग अन्नपूर्णा, मग महादेव. तुळजाभवानीचा आणि खंडोबाचा चांदीचा टाक नाण्यासारखे हेलकावत तळाला गेले. शेवटी पंढरपूरहून आणलेली बोटभर उंचीची विठोबा-रखुमाईची जोडी. विठोबाला तिनं क्षणभर मुठीतच धरून ठेवलं होतं. मी आठ वर्षांची होते आणि मला एकच काळजी लागली होती, देव श्वास कसा घेणार.

हल्ली 'देव पाण्यात ठेवणं' हा नुसता वाक्प्रचार उरलाय. निवडणुकीचे निकाल, क्रिकेटचा सामना, बदलीची ऑर्डर, कुणीही कशासाठीही देव पाण्यात ठेवून बसलेला असतो. आमच्या घरी ते खरंच घडलं. धाकट्या काकाला कावीळ झाली होती. तो बावीस वर्षांचा होता. गावठी औषध झालं, बार्शीचे डॉक्टर झाले, शेवटी सोलापूरला हलवलं. ज्या संध्याकाळी त्याला जीपमध्ये घातलं त्याच संध्याकाळी आजीनं पातेलं काढलं. ती पुटपुटत होती ते मला तुकड्यातुकड्यानं ऐकू आलं: लेकरू घरी येईल तेव्हा तुमास्नी बाहेर काढीन. आवाजात राग नव्हता, नवससायासाची गोडीगुलाबीही नव्हती. शेजारणीकडे तान्हं सोपवून शेताला निघालेली बाई ज्या सुरात बजावते तसा तो सूर होता.

काका पाचव्या दिवशी गेला.

सुतक लागलं. सुतकात घरच्यांनी देवाला शिवायचं नसतं, पूजा बंद असते. देव्हारा रिकामाच होता. देव पातेल्यात होते आणि त्यांना बाहेर काढायचं कुणी, हा प्रश्न घरात कुणाला सुचलाही नसावा. मला सुचला, कारण मुलांना कामधाम नसतं. मोठी माणसं अंगणात बसलेली असायची तेव्हा मी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन वाकून बघायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्यावर तवंग आला. मग पाणी गढूळलं आणि देव दिसेनासे झाले. शेजारची काकू एकदा हळूच म्हणाली, "मी काढून ठिवू का वो देव?" त्यांना सुतक नव्हतं, त्यांना चाललं असतं. आजी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

भेटायला येणारी माणसं मात्र बोलत होती. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मेल्या घरी गप्प बसणं फार कमी लोकांना जमतं. कुणी म्हणायचं, त्याचं तेवढंच घेणं होतं. कुणी म्हणायचं, मागल्या जन्मीचं काही राहिलं असेल, ते फेडून गेला. देवाला चांगलीच माणसं आवडतात, हेही आलं. गावातले एक जाणते गृहस्थ म्हणाले, देव परीक्षा बघतो. आजी उठली आणि गोठ्यात म्हशीला पाणी दाखवायला गेली. म्हशीला पाणी नुकतंच दाखवून झालं होतं.

त्या उठून जाण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागू लागला. आमच्याकडे दुःखाची कारणं तयार असतात, पापडासारखी डब्यात भरून ठेवलेली. प्रारब्ध आहे, भोग आहे, कर्म आहे, कसोटी आहे. प्रत्येक कारणात थोडं तथ्य असेलही. पण ज्या बाईच्या मांडीवर बावीस वर्षांपूर्वी ते मूल पहिल्यांदा ठेवलं गेलं, तिच्यासमोर यातलं कुठलंही कारण उच्चारलं की ते कारण मेलेल्या मुलावरच जाऊन बसतं. त्यानं काहीतरी केलं असेल. नाहीतर आईनं केलं असेल. देव सुटतो, आणि ज्याचं गेलं तोच आरोपी होतो.

आणि आमचा देव तर माउली. प्रश्न इतका अवघड झाला तो या एका शब्दानं. देव नुसता राजा असता तर राजाच्या मर्जीपुढे मान तुकवून माणूस गप्प बसला असता. देव न्यायाधीश असता तर कायदा बघितला असता. देव म्हणजे नुसता नियम असता, ऊन-पावसासारखा, तर रडलो असतो पण रुसलो नसतो. पण इथे विटेवरच्या काळ्या मूर्तीला सातशे वर्षं लोक विठाई म्हणत आले. ज्ञानोबांनाही माउलीच म्हणतात. वारीत तर एकमेकांना हाक मारायची तरी माउली. आई म्हटलं की मग हिशेब वेगळा होतो. लेकरू तापानं फणफणलेलं असताना आई शेजारच्या खोलीत शांत उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, तर त्याला काय म्हणायचं? जिच्यावर प्रेमाचा हक्क आहे तिलाच माणूस हा प्रश्न विचारतो. जनाबाई विठोबाला उघड शिव्या देते, आणि वारकरी ते अभंग टाळमृदंगावर गातात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. घरातल्या माणसाशीच असं भांडता येतं.

पुढे मी सोलापूरला शिकायला आले. २९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका बघून आम्ही खूप उशिरा झोपलो. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना फळीवरचे डबे आपोआप बोलायला लागले. कॉट सरकली. आम्ही मुली जिना उतरून रस्त्यावर आलो तेव्हा रस्त्यावर रात्रीचा गुलाल तसाच पडलेला होता. उजाडल्यावर किल्लारीचं नाव कळलं, मग सास्तूरचं, मग एकेक गाव. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे आठ हजार माणसं त्या पहाटे गेली.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना भाकरी आणि चादरी घेऊन ट्रकनं पाठवलं, त्यात मी होते. पाऊस पडत होता. त्या भागातली जुनी घरं माळवदाची. चिखलात बसवलेल्या दगडांच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडाचे सर, आणि त्यावर मातीचा जाड थर. गळती लागली की दरवर्षी वर आणखी माती टाकायची. आजोबांनी टाकलेल्या मातीवर बापानं टाकलेली, त्यावर मुलानं टाकलेली. उन्हाळ्यात त्या छपराखाली असा गारवा असतो की बाहेर चाळीस-बेचाळीस डिग्री आहे हे विसरायला होतं. माझं सगळं लहानपण अशाच माळवदाखाली गेलं. त्या पहाटे पिढ्यान्‌पिढ्यांची ती माती झोपलेल्या माणसांवर एका झटक्यात खाली आली.

एका घरासमोर, म्हणजे घराच्या ढिगासमोर, एक म्हातारी बसली होती. मी चादर दिली, तिनं घेतली आणि बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बाई, तेवढा देव बघ की गं." कोनाडा कुठे होता ते तिनं हातानं दाखवलं. आम्ही दोघीतिघींनी दगड बाजूला केले. त्या ढिगातून दोन दिवस आधी काय काय काढलं होतं ते मला विचारावंसं वाटलं नाही. बऱ्याच वेळानं मातीत पितळेचा रांगता बाळकृष्ण सापडला. त्याचा लोणी धरलेला हात खांद्याशी वाकला होता आणि पाठीला मोठा पोचा आला होता. मी तो तिच्या हातात ठेवला. मला वाटलं ती आता भिरकावून देईल. तिनं पदरानं त्याच्या तोंडावरची माती पुसली, वाकलेल्या हातावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्याला बी लागलंय की."

तीस वर्षांहून जास्त काळ मी हे वाक्य बरोबर घेऊन फिरतेय. त्यात देवाला माफी होती का, मला कळत नाही. तक्रार होती असंही वाटत नाही. ढिगाऱ्याखाली कोणकोण होतं, याची ती मोजदाद करत होती आणि त्या मोजदादीत हाही होता, इतकंच.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये मागे बसलेला एक माणूस सांगत होता, पाप वाढलं होतं या भागात. मला तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही. नंतर वाचताना कळलं की ही भाषा फार मोठ्या माणसाच्या तोंडूनही निघाली होती. जानेवारी १९३४मध्ये बिहारमध्ये भूकंप झाला, मुंगेर शहर उद्ध्वस्त झालं, आणि गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. गांधीजींनी तो विरोध आपल्याच 'हरिजन'मध्ये छापला आणि खाली आपलं उत्तरही छापलं. अस्पृश्यतेबद्दलची गांधीजींची तळमळ खोटी होती असं कोण म्हणेल? तरीही या बाबतीत मी रवींद्रनाथांच्या बाजूची आहे. पाप कुणाचं आणि ढिगाऱ्याखाली कोण. अस्पृश्यता पाळणाऱ्यांना वेचून जमीन थोडीच हलली. ज्यांना अस्पृश्य म्हटलं जायचं त्यांचीही घरं पडलीच असणार.

हे लिहिताना मंगळवेढा आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातलं गाव, पंढरपूरहून फार लांब नाही. १३३८ साली तिथे गावकूस बांधायचं काम चाललं होतं. ते काम करणाऱ्यांत चोखोबा होते. विठ्ठलाचा एवढा थोर भक्त, ज्याला विठ्ठलाच्या देवळात पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. गावकूस म्हणजे कुणाला आत ठेवायचं आणि कुणाला बाहेर, ते ठरवणारी भिंत. ज्यांना तिच्या आत घर बांधता येत नव्हतं तेच ती बांधत होते, आणि ती त्यांच्याच अंगावर कोसळली. सांगतात, नामदेव तिथे गेले तेव्हा सगळ्यांची हाडं एकमेकांत मिसळलेली. चोखोबांची कुठली ते ओळखायचं कसं? ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती नामदेवांनी उचलली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकली की बायका डोळे पुसायच्या आणि माझ्याही अंगावर काटा यायचा. आता काटा येतो तो दुसऱ्या कारणानं. दगडाखाली चिरडल्यावरही नाव घेत राहणारी ती हाडं मला दिलासा देत नाहीत, मला त्यांची भीती वाटते. त्यांनी नाव घेतलं, पण ते ज्याचं होतं त्यानं काय केलं? भिंत त्यानं बांधली नव्हती, हे खरं. किल्लारीचं माळवदही त्यानं घातलं नव्हतं. दार माणसांनी बंद केलं होतं आणि ते माणसांनाच उघडावं लागलं. साने गुरुजी १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसले तेव्हा चोखोबांना जाऊन सहाशे वर्षं उलटून गेली होती. इतकी वर्षं समाधी पायरीशी आणि दार बंद. आतला, ज्याला आपण आई म्हणतो, तो या सगळ्या काळात उभाच होता. माणसांचा दोष माणसांच्या पदरात घालून झाल्यावरही काहीतरी उरतं, आणि ते मला कुठे ठेवावं कळत नाही.

चोखोबांच्याच घरात तो प्रश्न विचारला गेला होता. सोयराबाईंनी विटाळाबद्दल विचारला, मुलगा कर्ममेळा यानं तर आपल्या जन्माबद्दलच विठोबाला धारेवर धरलं. पुढे बाबासाहेबांनी आपल्या लोकांसह तो देव्हाराच सोडला. पण १९४८ साली 'द अनटचेबल्स' छापलं तेव्हा त्यांनी ते पुस्तक ज्या तिघा संतांच्या स्मृतीला अर्पण केलं त्यांत चोखामेळा आहेत. ती अर्पणपत्रिका मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नव्हतं. देवाला सोडून जाणाऱ्यानं देवाच्या दारात मेलेल्याचा हात सोडला नाही. जे निघून गेले त्यांना श्रद्धा कळली नाही असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला ते पान आठवतं.

आणि तुकोबा. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचं दुकान बसलं, गुरं गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. आपण या माणसाची तसबीर लावतो, टाळ-चिपळ्या घेतलेली, आनंदात डोलणारी. त्या डोलण्याच्या आधी भुकेनं मेलेली बायको आहे, हे तसबिरीत दिसत नाही. पुढे त्यांच्यावर वह्या इंद्रायणीत बुडवायची वेळ आली आणि ते देवाच्या दारात शिळेवर अन्नपाणी सोडून बसले. तेरा दिवस. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, असं देहूत सांगतात.

आमचे देवही तेराच दिवस सुतकात पाण्यात होते. आधीचे पाच धरले तर अठरा.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि देवघरात आली. मी उंबऱ्यात होतेच. तिनं पातेल्यात कोपरापर्यंत हात घातला. पाण्याला वास येत होता, त्यात डासांची पिल्लं वळवळत होती. बाळकृष्ण बुळबुळीत झाला होता. विठोबाच्या कानांतल्या माशांवर आणि कमरेवरच्या हातांच्या खाचेत हिरवा कळंक चढला होता. आजीनं देव परातीत घेतले, भिजवलेली चिंच आणि चुलीतली राख घेतली आणि घासायला बसली. तिचे हात एवढे जोरात चालताना मी कधी बघितले नव्हते. घासताना ती बोलत नव्हती. मग एकदा हात थांबला, विठोबा डोळ्यांसमोर धरला, आणि ती त्याला म्हणाली, "झालं तुझं?" पुन्हा घासायला लागली.

देव जागेवर गेले. दिवा लागला. फुलं वाहिली. त्या दिवसापासून रोज पूजा झाली, एक दिवस चुकला नाही. पण आजीनं हात जोडले नाहीत. वर्षभर तरी नाहीत. घरात हे बहुधा फक्त मलाच माहीत होतं. पूजा संपली की ती हात पदराला पुसायची आणि उठायची.

पुढच्या आषाढीला ती वारीला गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गेली. परत आल्यावर मी चुरमुरे-बत्ताशांसाठी तिच्या पिशवीत हात घालत विचारलं, "काय म्हणाला विठोबा?"

"त्यो काय म्हनतोय," आजी म्हणाली. "मीच बोलले. पायावर डोकं न्हाई ठिवलं म्या. तोंडाकडं बघितलं आन्‌ सांगितलं सगळं."

"मग?"

"मग काय. मागनं रांग होती, पुढं सरकावं लागलं."

ते देव आता पुण्यात माझ्या घरी आहेत. भिंतीतला कोनाडा गेला, आता सागवानी देव्हारा आहे आणि खाली कप्पा. मी पूजा करते का, असं कुणी विचारलं तर हो म्हणते. विश्वास आहे का विचारलं तर मी जरा थांबते. हात जोडते तेव्हा कधीकधी मध्येच आजी आठवते आणि हात नुसतेच एकमेकांशेजारी राहतात.

गेल्या दिवाळीआधी मी आणि माझी लेक देव घासत बसलो होतो. ती चौदा वर्षांची आहे, प्रश्न विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. सगळं लख्ख निघालं, पण विठोबाच्या कमरेवरच्या उजव्या हाताच्या खाचेतला हिरवा ठिपका काही जाईना. तो माझ्याच्यानं कधीच गेलेला नाही. लेकीनं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, कळंक. पाण्यात राहिले होते बरेच दिवस. का, म्हणाली. मी काकाचं सांगितलं, पातेल्याचं सांगितलं.

"मग काका बरे नाही झाले?"

"नाही."

"तरी पणजीनं काढले देव बाहेर?"

मी मान हलवली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं उठली, न्हाणीघरातून जुना टूथब्रश घेऊन आली, विठोबाला डाव्या तळहातावर आडवा घेतला आणि त्या ठिपक्यावर चिंच लावून हळूहळू घासायला लागली.